रानशेतचा निरोप

आजी, त्या दुपारबद्दल तुझ्याशी बोलायचं राहून गेलं. त्यानंतर आपण दोघी काही महिने एकाच घरात राहिलो, एकाच चुलीवरचं जेवलो, पण तो विषय तूही काढला नाहीस आणि मीही नाही. तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात भांडं वाजलं की मी अजून दाराकडे बघते.

आजोबा बोटीवरून परत आले नाहीत तेव्हा माझे बाबा रांगत होते, असं तूच सांगायचीस. तेव्हापासून तू सुके बोंबील आणि करंदी टोपलीत भरून आपल्या आगर गावाहून कासाच्या बाजाराला जायचीस. जीपवाल्याशी गुजराती, पाड्यांवरच्या बायांशी त्यांची बोली आणि मला ओरडायला मराठी. परतताना उरलेली मासळी घेऊन रानशेतला उतरायचीस. तिथल्या पाड्यावर एक तरुण बाई तुला बोंबलांच्या बदल्यात तांदूळ नाहीतर तूर द्यायची, आणि चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. घरी आल्यावर तिचंच बोलणं असायचं.

२०१८च्या थंडीत जमीन हलायला लागली. तलासरीकडे भिंतींना तडे गेले, माणसं ताडपत्रीखाली राहायला लागली. मी डहाणूला झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. बाहेरून ट्रक गेला तरी माझे हात मशीनवरून निघायचे. रोज तुला सांगायचे, नको जाऊस. तू टोपली उचलत म्हणायचीस, "धक्का काय घरी बसून चुकतो? ती वाट बघते माझी."

मग ती दुपार. जोराचा धक्का बसला, दुकानाचं शटर खडखडलं, आम्ही सगळे रस्त्यावर आलो. तुझा फोन लागेना. शेजारणीने फोनवर सांगितलं, तू नेहमीच्या जीपमधून उतरली नाहीस. मी रानशेतची जीप धरली. वाटेत कुणी काही विचारलं तरी ऐकू येत नाही. पाड्यावर पोहोचते तर त्या बाईच्या घराची मागची भिंत खचलेली, ती बाळाला छातीशी धरून अंगणात बसलेली, आणि तू आत. दारातून वाकून बाहेर येतेस, एका हातात तांदळाचा डबा, खांद्यावर बाळाची गोधडी.

मी ओरडले. "अक्कल आहे का तुला? छप्पर अंगावर आलं असतं तर? ही तुझी कोण लागते?" पाड्यावरची माणसं बघत होती. त्या बाईने मान खाली घातली. तू डबा हळूच खाली ठेवलास, गोधडी तिच्याकडे दिलीस आणि म्हणालीस, "बाळ गारठलं होतं. ती आत जायला घाबरत होती." एवढंच. जीपमध्ये तू माझ्या शेजारी बसली नाहीस.

पुढच्या बाजाराला तू टोपली उचलली नाहीस. मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. तू ओटीवर बसून राहायला लागलीस, जेवण कमी झालं. मी स्वतःला समजावायचे, निदान डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळी कामावरून आले की तू विचारायचीस, "रानशेतकडचं काही कळलं?" मी म्हणायचे, नाही. पावसाळ्यात चार दिवसांच्या तापात तू गेलीस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहायला धीर होतो आहे. ती बाई त्या उन्हाळ्यात दोनदा दुकानात आली होती, बाळाला कडेवर घेऊन. म्हणाली, "भिंत बांधून झाली. आजीला सांगा, एकदा येऊन जा." मी बरं म्हटलं. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी गेली असतीस, आणि मला पुन्हा दिवसभर रस्त्याकडे बघत बसावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी नाही म्हणत राहिले, आजी. रानशेतकडचं कळलं होतं.