एक ओळ नहेम्याची, एक ओळ करुणाची

मी, श्रीमती मार्था एलिया सदावर्ते, वय सत्त्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, पूर्वी जालना एमआयडीसीतील एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आता घरीच, राहणार जालना, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असे वकीलबाई अर्पिता म्हणाल्या. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, आणि दबाव आणायची या घरात कधी कोणाची छातीही झाली नाही.

माझे पती एलिया प्रभूकडे गेले. मागे दोन वारस आहेत. मुलगा नहेम्या बदनापूरला मंडळीचा पाळक आहे. मुलगी करुणा संभाजीनगरला कॉलेजात इतिहास शिकवते. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. लोकांची लेकरे जमिनीवरून भांडतात, त्यात निदान जमीन तरी असते. माझी भांडली ती पवित्र शास्त्र देवाने लिहिले की माणसांनी यावरून, आणि तेही बापाच्या पहिल्या स्मरणदिनी, कबरेवर फुले वाहून घरी आल्यावर, ताटे वाढलेली असताना.

करुणा सहज म्हणाली की येशूच्या रिकाम्या कबरेपाशी एका शुभवर्तमानात देवदूत एक आहे आणि दुसऱ्यात दोन; ज्याला जसे आठवले तसे त्याने लिहिले. नहेम्याने हातातला घास खाली ठेवला.

"अक्षर न् अक्षर देवाच्या श्वासातून आलंय. देव चुकतो का? देवदूत दोन होते, बोलला एक. एवढं साधं कळून न्हाई राह्यलं तुला?"

"देव म्हंजे मजकूर सांगणारा साहेब हाय का दादा, अन् लिहिणारे त्याचे टायपिस्ट? माणसाला माणूस ठेवून त्यानं लिहून घेतलं, हेच तर त्याचं मोठेपण."

"मंग तुझ्या शास्त्रात देव उरला कुठं?"

"अन् तुझ्यात माणूस?"

दोघेही ताटावरून उठले. वांग्याची भाजी तशीच राहिली, आणि तिचा राग मला अजून आहे.

कलम पहिले, घर. मिशन कंपाउंडमागील दोन खोल्या व ओसरी दोघांना समसमान. दोघांनी एकत्र बसून जेवल्याखेरीज घर विकू नये. ही अट कोर्टात टिकणार नाही असे अर्पिताचे म्हणणे. न टिको. आईची म्हणून पाळली तरी पुरे.

कलम दुसरे, बँकेतील ठेव. दफनाचा खर्च जाऊन उरेल ते निम्मे निम्मे. माझ्या शवपेटीला सागवान घेऊ नये, बाभूळ चालेल. बाजाची पेटी मंडळीने नाताळापुरती म्हणून नेली, ती आता परत मागत नाही. मात्र तिचा एक सूर बसला आहे तो दुरुस्त करून घ्यावा, दर रविवारी माझे दात आंबतात.

कलम तिसरे, हत्यारे. शिलाई मशीन करुणाला. ती शिवणार नाही हे ठाऊक आहे, तरी घ्यावी. प्रयोगशाळेतला माझा चिमटा व भिंग नहेम्याला. आई दिवसभर काय करते हे त्याने कधी विचारले नाही, म्हणून इथे सांगते. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, कागद गुंडाळून उबेत ठेवायचा, आणि मोड येतात का बघायचे. पिशवीवर काय छापले आहे ते आम्हीही वाचत होतो, पण मोड पाहिल्याशिवाय कोणी सही करत नसे.

कलम चौथे, शास्त्र. हे पुस्तक माझ्या सासूबाई झुंबरबाईंचे. त्यांना वाचता येत नव्हते. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले पुस्तक त्यांनी घरी आणून पाटावर ठेवले आणि पहिल्या पानाला हळदीचे बोट लावले. घरात पोथी आली की काय करायचे, तेवढेच त्यांना माहीत होते. तेव्हाचे पाळकसाहेब भर मंडळीत त्यांच्यावर ओरडले. सासूबाई म्हणाल्या, "देव पहिल्यांदा घरी आल्ता साहेब, त्याला तसाच कसा बसवू?" त्या पाळकांना मी क्षमा केली आहे, पण फार उशिरा.

नहेम्याला ते बोट मूर्तिपूजा वाटते. त्याला पान काढून नवी बांधणी करायची आहे. करुणाला सगळे पुस्तकच काचेच्या कपाटात ठेवायचे आहे. दोन्ही बिलकुल करू नये. पुस्तक मी एकट्या कोणालाही देत नाही. ते याच घरात, त्याच कोनाड्यात राहील. ज्याला वाचायचे त्याने इथे यावे, आणि दुसरा आधीच आलेला दिसला तर दारातून परत फिरू नये.

माझे मत कोणी विचारले नाही. आईला फक्त मीठ कुठे आहे ते विचारतात. तरी लिहिते. एलियांच्या शेवटच्या आजारात आम्ही रोज संध्याकाळी त्यांचे आवडते स्तोत्र म्हणायचो, डोंगरांकडे डोळे लावून मदत कुठून येईल असे विचारणारे. जालन्यात डोंगर कुठला, असे करुणा लहानपणी विचारी, तेव्हा ते स्टील मिलच्या धुराड्याकडे बोट दाखवायचे. एका संध्याकाळी ते मध्येच अडकले. मलाही रडू येत होते, पुढची ओळ आठवेना. तेवढ्यात भिंतीपलीकडून ती ओळ आली. शेजारचे शिवनारायण शेठ, राजस्थानातून आलेले किराणा व्यापारी, सकाळ-संध्याकाळ गणपतीला हात जोडणारे. सामाईक भिंतीतून इतकी वर्षे ऐकून त्यांना सगळे पाठ झाले होते. एलियांनी ती ओळ धरली आणि स्तोत्र पुरे केले. त्या रात्री त्यांना झोप लागली.

त्या संध्याकाळी देव बोलला याची मला शंका नाही. आवाज शेठजींचा होता, हेही तितकेच खरे. हे कोणाच्या मतात बसते ते दोघांनी एकत्र बसून ठरवावे. मी शेठजींकडे वाटीभर लोणचे पाठवले होते.

कलम पाचवे, आणि माझ्यासाठी हे एकच महत्त्वाचे. माझ्या कबरेवर हेच स्तोत्र म्हणावे. लहानपणी दोघे म्हणत तसेच, एक ओळ नहेम्याने, पुढची करुणाने. एक जण आला नाही तर त्याच्या ओळी दुसऱ्याने वाचू नयेत. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प उभे राहावे, मलाही ऐकू येईल कोण आले नाही ते. दोघेही आले नाहीत, तर शिवनारायण शेठनी म्हणावे. शेठ या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असा कायदा आहे, म्हणून त्यांना मी एवढे कामच देऊन जाते.

लेकरांनो, मला तुम्ही दोघेही सारखेच लागता. आता सही करते.

जालना, दिनांक १४ नोव्हेंबर २०२४.

(सही) मार्था एलिया सदावर्ते

मार्थाबाईंनी आम्हां दोघांसमोर वाचून सही केली, आम्ही त्यांच्यासमोर करतो.

साक्षीदार: (सही) पुष्पाबाई, राहणार राजूर, प्रयोगशाळेतील जुनी सोबतीण.

साक्षीदार: (सही) शिवनारायण, किराणा व्यापारी, शेजारी. सहीखाली शेठजींनी स्वतःच्या हाताने चार शब्द जास्तीचे लिहिले आहेत, ते कोणी खोडू नयेत:

"भाभी, मला सगळं बराबर पाठ हाय. पण तुमच्या कबरेवर एक ओळबी आठवायची न्हाई. नहेम्या, करुणा, तुम्हालाच यावं लागंल."