टोपलीतली कणसरी

६ फेब्रुवारी २०१९
सकाळी सातला पुन्हा भूकंपाचा हादरा. आता रोजचंच झालंय, पण आजचा मोठा होता. भांडी वाजली, दोन कौलं सरकली आणि माळ्यावरून देवाची टोपली खाली आली. उलटी पडली. आतलं भात, म्हणजेच आमची कणसरी देवी, पडवीभर.
मी आणि भावजय वनिता आधी अंगणात पळालो. आत येऊन बघतो तर कोंबडी भातावर. वनिता किंचाळली, "हाड्! ताई, मेलीनं कणसरी खाल्ली!"
मला हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा. लगेच वाईट वाटलं.
राहिलेलं भात सुपात गोळा केलं. दोन मुठी भरेल. अंगणवाडीला उशीर झाला. हादऱ्यांमुळे शाळेसारखे आम्हीही तंबूतच बसतो सध्या.

७ फेब्रुवारी
भाऊ रमेश रात्रपाळी करून आला. टोपली पडली हे ऐकून खाटेवर बसूनच राहिला. मग वनिताने ते बोलून टाकलं. "आईंनी ताईंना दोनदा सांगितलं होतं, नवीन भात भरा. भरलं नाय. देवी दोन वर्षं उपाशी. आधी आईंना नेलं, आता घर हलवते."
रमेश तिला गप्प बस म्हणाला नाही.
खरं आहे ते. दर दिवाळीला नवीन भात टोपलीत, जुनं बियाण्यात मिसळायचं. आईचं काम. २०१७ ला तिचे पाय सुजले, फोनवर म्हणाली, "सुनंदा, यंदा तू भर." तेव्हा मी तलासरीत खोली घेऊन राहायचे. पुढच्या रविवारी येते म्हटलं. मीटिंग निघाली. २०१८ ला पण तेच. डिसेंबरात ती गेली.
मी बारावी शिकलेली. देव उपाशी राहत नाही हे मला कळतं. तरी आज पोरांची वजनं घेताना दोघांची वजनं एकमेकांच्या नावापुढे लिहिली.

९ फेब्रुवारी
रमेशने ठरवलंय. टोपली नदीत सोडायची आणि चारोटीच्या दुकानातून लक्ष्मीची संगमरवरी मूर्ती आणायची. बरेच दिवस त्याच्या मनात आहे. कंपनीत सुपरवायझरने विचारलं होतं, तुमच्यात कोणता देव? रमेशने त्याच्या गुजरातीत सांगितलं, चोखा, म्हणजे तांदूळ. सगळी लाइन हसली. "चोखा? ए तो अमे रोज खाईए!"
"मी काय उत्तर द्यायचं, ताई? एवढे देव लोकांचे, हात-पाय-तोंड असलेले. आपल्याकडे टोपली."
 अं.वाडीत मी स्वतः पोरांना भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून "हा देवबाप्पा" शिकवते. टोपलीकडे कधी केलं नाही.
नदीत सोडण्याआधी लखमाकाकांना विचारू एवढंच म्हटलं. तो कबूल झाला. आईच्या दिवसांचं सगळं काकांनीच केलं, पाड्यातली सगळी देवकार्यं तेच करतात.

१० फेब्रुवारी, रविवार
काकांकडे तिघंही गेलो. काय काय बोलले! आल्या आल्या लिहून ठेवते.
वनिताने आधी कोंबडीचं काढलं. "काका, देव तिच्या पोटात गेला. आता तिला पुजायची का कापायची?"
काका इतके हसले की खोकला आला. "अगं, तू रोज दोन वेळा काय खातेस? तुझ्या पोटात कोण जातं?"
रमेशने मूर्तीचं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. म्हणाले, "आण की. तीही तीच. पण हिला सोडायची कशाला?"
रमेश : "म्हणजे दोन देव्या?"
काका : "तुझ्या वावरात भात किती?"
रमेश : "भात एकच, काका. रोपं पुष्कळ."
काका : "मग?" आणि विडी शोधायला लागले.
एवढंच! मी शाळेत असल्यापासून लोकांना विचारत आले की देव इतके कसे, खरा कोणता. आणि हे वावरातच होतं.
निघताना मी मागे थांबले. विचारलं, कणसरी माझ्यामुळे रागावली का? माझ्यामुळे आई गेली का?
"तू रविवारी आली नाय तर तुझी आई शाप द्यायची?"
"नाही. वाट बघायची."
"मग कणसरी काय तुझ्या आईपेक्षा कोत्या मनाची?"
जमीन का हलते तेही विचारलं. "ते मला नाय माहीत, बाय. ते मोजायची मशीन घेऊन आलेल्यांना विचार."

११ फेब्रुवारी
डोक्यातून जात नाही. ते भात २०१६ चं. आईच्या हाताने भरलेलं शेवटचं. हे वाण आता आमच्याकडे दुसरं कुठेच नाही, आई आजारी पडल्यापासून वावरात सगळं दुकानातलं बियाणं. हे मेलं तर संपलं.
वीस दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधले. अं.वाडीत पोरांना मूग दाखवतो तसे.
रमेशला सांगितलं, उगवेपर्यंत नदीचं नाव काढायचं नाही. तो म्हणाला, "आणि नाय उगवलं तर? मग मानशील ना, देवी गेली?"
मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

१३ फेब्रु.
काही नाही. दाणे फुगलेत.

१४ फेब्रु.
नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ उघडून बघितलं. वनिता म्हणाली, "सारखं उघडून थंडी वाजेल त्यांना." टोमणा होता की काळजी, कळलं नाही.

१५ फेब्रु.
नाही. एक दाणा कुजला. पाणी शिंपडून झोपायला गेले. 

१६ फेब्रुवारी
आला!!
एक. पांढरा, सुईच्या टोकाएवढा. आधी वाटलं फडक्याचा दोरा. चष्मा पुसून बघितलं. वनिताला हाक मारली तर ती पिठाच्या हातानेच धावत आली. तिला दुसरा दिसला! मला दिसलाच नव्हता.
मग दुपारी तिसरा.
विसांत तीन. कमीच. पण तीन!
रमेश कामावरून आला तेव्हा वनिताच फडकं घेऊन दारात उभी. तो बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "आई असती तर म्हणाली असती, बघत काय बसलात, चहा पिऊन घ्या."
तिघंही हसलो आणि चहा टाकला.

१७ फेब्रु.
आज शांतपणे विचार केला. उगवलं म्हणून मी सुटले, तर न उगवलं असतं तर मी दोषी ठरले असते. हा हिशोब काकांच्या बोलण्यात बसत नाही. मी रमेशला हो म्हटलं तेव्हाच चुकले. कणसरी कोर्ट चालवत नाही.
तरी फार आनंद झालाय, ते खोटं कशाला बोलू.
फडक्यातले तीन गायब! शोधलं तर मोरीजवळ तेलाच्या डब्यात माती भरून वनिताने लावलेत. म्हणाली, "तुमचा काय भरवसा, पुढच्या रविवारी लावाल."
लागलं. पण बरोबर बोलली.

२१ एप्रिल
भाताच्या रोपांसाठी पाला जाळून राब भाजला. कोपऱ्यात चार हात जागा आईच्या भातासाठी वेगळी. रमेशने स्वतःहून खुणेच्या काठ्या रोवल्या.
डब्यातली दोन रोपं जगली, एक बकरीने खाल्लं. वनिता मला बघून म्हणाली, "माहिताय, माहिताय. तिच्या पोटात."

१६ जून, रविवार
पेरलं. टोपलीतलं होतं नव्हतं ते सगळं. मूठ उघडताना जड गेलं. आईची शेवटची वस्तू मातीत टाकतेय असं वाटलं. काका बांधावर होते. "धरून ठेवशील तर टोपलीच राहील," म्हणाले.

२१ जुलै
रोपं वावरात लावून आवणी झाली. राबातलं विरळच उगवलं होतं, अकरा ओळी झाल्या. दुकानातल्या बियाण्यापेक्षा पान उंच आणि फिकट. लांबून ओळखू येतं! वनिता येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, "ते आमच्या आईंचं."

१३ ऑक्टोबर
लोंब्या भरल्या. तांबूस आहेत, विसरलेच होते. लहानपणी आई हाच तांबडा भात खायला घालायची.

२८ ऑक्टोबर
पाऊस थांबतच नाही. अर्धं आडवं झालं. रमेश सुट्टी टाकून भर पावसात तेवढ्या अकरा ओळी कापायला गेला. बाकीचं नंतर म्हणाला.

३ नोव्हेंबर, रविवार
लक्ष्मी आली, टेम्पोतून, गवतात गुंडाळून. छान आहे, हसरी. माळ्याखाली फळीवर ठेवली. काका आले, दोघींना एकाच वातीने ओवाळलं.
रमेशने जेवताना सांगितलं, सुपरवायझरला उत्तर दिलं म्हणे. तो परत म्हणाला, चोखा तर आम्ही रोज खातो. रमेश म्हणाला, "आम्ही पण. म्हणून तर."
"मग तो काय म्हणाला?"
"काय म्हणणार. डबा खात होता. डब्यात बघत राहिला."

१० नोव्हेंबर
दिवाळी पावसात गेली, उद्या टोपली भरायची. भात वाळलंय, दीड सूप. रमेश म्हणतो ताईने भरावं, वनिता म्हणते ताईंनीच, आईंनी त्यांनाच सांगितलं होतं. तिने हे चांगल्या मनाने म्हटलं. मी विचारून खात्री केली नाही.
टोपली उन्हात झटकली. तळाच्या विणीत एक दाणा अडकलेला सापडला. २०१६ चा. पडला नाही, कोंबडीला मिळाला नाही, पेरला गेला नाही.
नखाने निघेल. काढून नव्यात मिसळायचा, की आईने ठेवला तिथेच राहू द्यायचा?
काकांना विचारायला निघाले होते. अंगणातून परत आले. हे त्यांना विचारायचं नाही, माझं मलाच ठरवायचंय. टोपली मांडीवर घेऊन बसलेय, वनिता दोनदा चहाला बोलावून गेली.