दादाच्या जागी बोलणारा

४ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार. साष्टांग घालायला गच्चीवर जागा नाही, दादाची अँटेना पसरून ठेवलीय, तेव्हा उभ्यानेच. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचं शिवणकाम चालू आहे. माझा दवाखानाही चालू आहे, म्हणजे डॉक्टर लोकांचे दात उपटतात आणि मी खुर्ची पुसून पुढच्याला आत सोडते. तुमचं पत्र सामानाच्या ट्रकबरोबर आलं. तुमच्या त्या बोगद्यापाशी फोन लागत नाही ते एका अर्थी बरंच आहे. फोनवर आपण तिघंही नुसतं 'हं, हं' करतो.

तुम्ही विचारलंत, उपग्रहाचं काय झालं. रॉकेट गेलं. दादाच्या कॉलेजने बनवलेला तो चपलांच्या खोक्याएवढा डबा इतर बऱ्याच डब्यांबरोबर वर सोडला. दादाला ते बघायला मिळालं नाही, हे आता आमच्याकडे कोणी बोलत नाही, मीही लिहिणार नव्हते. चष्मिश घरी आला होता. तोच हो, दादाचा सोल्डरिंगवाला मित्र, ज्याने आपल्या टेबलाला डाग पाडला. म्हणाला, उपग्रह घरूनही ऐकता येतो, दादाने डोंगल, तारा, सगळं सामान जमवून ठेवलंय, फक्त लॅपटॉपवर प्रोग्राम बसवायचे. आई मला म्हणाली, "मग लाव की." जसं काही पंखाच लावायचाय.

बाबा, पंखा परवडला. दादाचा लॅपटॉप लिनक्सवाला. काहीही बसवायचं म्हटलं की आधी पासवर्ड मागतो, आणि आपण टाइप करतो तेव्हा पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड बिघडला समजून मी एक आख्खी सुट्टी वाया घालवली. पासवर्ड मला माहीत होता, 'रडूबाई'. मला चिडवायलाच ठेवलेला. आता मला दिवसातून दहादा स्वतःच्या हाताने स्वतःला रडूबाई म्हणावं लागतं, आणि दादा गेल्यापासून मी एकदाही रडलेली नाही.

मग डोंगल. बोटाएवढा आहे, मुळात टीव्ही बघायचा. तो खोचला की लॅपटॉपला वाटतं, अरे वा, टीव्ही! आणि तो स्वतःच त्याला धरून बसतो, रेडिओच्या प्रोग्रामला हात लावू देत नाही. लॅपटॉपच्या त्या टीव्हीवेड्या भागाचं नाव काळ्या यादीत टाकलं, तेव्हा कुठे सुटका झाली. मग उपग्रह नकाशावर दाखवणारा प्रोग्राम. त्याला कक्षेचे ताजे आकडे भरवत राहायचे, नाहीतर तो शिळ्या जागेकडे बोट दाखवतो. शिवाय तो चालतो जगाच्या घड्याळाने. मी आपल्या घड्याळाने गच्चीवर जाऊन कावळ्यांना अँटेना दाखवत उभी. समोरच्या काकू म्हणाल्या, "केबल गेली का गं?"

काल संध्याकाळी ऐकू आलं. नुसती खरखर, आणि मध्येच एक 'टर्र'. थांबून पुन्हा 'टर्र'. डॉक्टरांचं दात कोरायचं मशीन दोन खोल्या पलीकडे वाजावं तसं. हेडफोन आईच्या कानाला होते. त्या टर्रमध्ये काय माहिती आहे ते वाचायला आणखी एक प्रोग्राम लागतो, तो अजून बसत नाहीये. पण चष्मिश म्हणाला, रेडिओ लहरींची जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, आपलीच, यायची वेळही जवळपास आपलीच, म्हणजे आपलाच. एकत्र सोडलेले डबे अजून एकमेकांच्या मागेपुढेच आहेत, त्यामुळे वेळेत थोडं इकडेतिकडे व्हायचंच.

उपग्रह मावळला तरी आईने हेडफोन काढले नाहीत.

तो आवाज मेमरी कार्डावर घालून पाठवतेय. कागदाच्या घडीत चिकटवलंय, नेहमीसारखं पाकीट हिसका देऊन फाडू नका.

घरी कधी येताय?

तुमची,
मी


२१ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. कार्ड सुखरूप पोचलं हे वाचून बरं वाटलं. तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी कॅम्पवरचे सगळे तुमच्या फोनभोवती बसतात, तुम्ही टर्र लावता आणि सांगता, "हा माझा मुलगा, वरून बोलतोय." एरवी माणसांच्या अंगावर ओरडणारा तो फोरमनसुद्धा डोळे पुसतो म्हणे.

आणि हेही लिहिलंय की इकडच्या कचेरीत बदली मिळत होती, ती तुम्ही नको म्हणालात. कारण, "तो माझ्याही डोक्यावरून जातो. मग घरी येऊन वेगळं काय?" पत्र मी आईला वाचून दाखवते हे तुम्हाला माहीत आहे. ही दोन वाक्यं मी गाळली आणि पुढच्या हवापाण्यावर उडी मारली. आईने विचारलं, "बस, एवढंच?" मी म्हटलं, एवढंच.

इकडे विशेष काही नाही. डॉक्टरांनी नवी खुर्ची घेतली, ती वर जाते पण खाली येत नाही. एका आजोबांना स्टुलावर उभं राहून उतरवावं लागलं. आजोबा म्हणाले, दात राहू दे, आधी मला खाली घ्या. गच्चीवरची टाकी गळत होती, ती मीच एमसील लावून बुजवली. आईने मशीनचा पट्टा बदलला. समोरच्या काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मोडलंही.

मी पाल्हाळ लावलंय. तुम्हीच म्हणता ना, ही पाल्हाळ लावायला लागली की समजावं घरात काहीतरी फुटलंय.

तो माहिती वाचायचा प्रोग्राम शेवटी बसला. सरकारी कचेरी परवडली! या खिडकीवर गेलं की म्हणे आधी त्या खिडकीचा कागद आणा, त्या खिडकीवर म्हणे हा कागद जुना झाला. चष्मिशने हात टेकले, मी टेकले नाहीत. मला वाटायचं, दादाच्या डब्याने काय म्हटलंय ते आईला वाचून दाखवावं. वर किती थंडी आहे, बॅटरी किती भरलीय, असलंच काहीतरी असतं त्यात. पण आईने तेही ऐकलं असतं. पत्रं ऐकते तसं.

रविवारी सकाळच्या फेरीला पहिली ओळ उमटली. बाबा, अशा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पाठवणाऱ्याची खूण असते, पाकिटावर पत्ता असतो तशी. ती खूण आपली नव्हती.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. संध्याकाळच्या फेरीला पुन्हा बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ती खूण शोधली. लांबच्या कुठल्याशा देशातल्या कॉलेजच्या पोरांचा उपग्रह, आपल्याच रॉकेटने गेलेला. त्यांनी तो हरवला म्हणून जाहीर करून टाकलं होतं. थंडीने म्हणा, कशाने म्हणा, तो ठरलेल्या लहरीवरून थोडा सरकला होता आणि नेमका दादाच्या जागी येऊन बोलत होता. ते त्याला त्याच्या जागेवर शोधत होते. आणि आम्ही आमच्या जागेवर तो आमचा म्हणून ऐकत होतो.

आपला कुठेय, ते लिहायला मला फार वेळ लागतोय. आपला वर आहे. फिरतोय. पण त्याने पहिल्या दिवसापासून एक शब्द काढलेला नाही. तो सुरूच झाला नाही, बाबा.

तुम्ही विचाराल, तुला काय वाटलं. काहीच नाही. दवाखान्यात भूल दिलेले पेशंट म्हणतात ना, गाल आहे, पण माझा नाही. तसं. दादाच्या वेळीही असंच झालं होतं, आणि ती भूल अजून उतरलीच नाहीये. मी लॅपटॉप मिटला आणि आईला म्हटलं, माहिती काही नीट येत नाही. आई म्हणाली, "असू दे, आवाज येतोय ना." आणि संध्याकाळी मशीन थांबवून पुन्हा हेडफोन लावून बसली.

मी गप्प राहू शकले असते. खरंच सांगते, राहणारच होते. तिकडे तुम्ही ऐकताय, इकडे आई ऐकतेय, कोणाचं काय बिघडत होतं? पण त्या ओळीत बॅटरीचा आकडा होता. तो उपग्रह अंगावरच्या लहानशा सौर पट्टीवर कसाबसा तगला होता, त्याचे मोठे सौर पंख जमिनीवरून हुकूम गेल्याशिवाय उघडत नाहीत, आणि हुकूम देणाऱ्यांना तो आहे हेच माहीत नव्हतं. दर फेरीला आकडा खाली. मी रोज बघायचे, रोज खाली. जिवंत आहे, बोलतोय, आणि मी त्याला दादा म्हणून ऐकत ऐकत मरू देतेय. हे काही मला जमेना.

मी त्यांना ओळी पाठवल्या. आवाजही पाठवला. दवाखान्यात दुपारचा चहा यायच्या आत उत्तर आलं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण सगळी अक्षरं मोठ्ठी आणि मागे उद्गारचिन्हांची रांग. पाठोपाठ एक फोटो, पाचसहा पोरं एका टेबलाभोवती नुसती नाचतायत. त्यांनी हुकूम पाठवला, पंख उघडले, उपग्रह सरकून पुन्हा स्वतःच्या लहरीवर गेला.

हे सगळं आईला आधी सांगायला हवं होतं. सांगते सांगते म्हणत राहिले आणि संध्याकाळ झाली. तिने हेडफोन लावले. नुसती खरखर. ती फेरी संपेपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "आज नाही आला."

मी म्हटलं, "आई, तो आपला नव्हता."

"म्हणजे?"

मी सांगितलं. जसं तुम्हाला लिहिलंय तसंच, फक्त अडखळत. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "ज्यांचा आहे, ती पोरं आहेत ना सगळी?"

"आहेत."

"बघू."

मी फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. एका पोरावर बोट ठेवून म्हणाली, "हा बघ किती वाळलाय. घरापासून लांब राहत असणार. खात नसेल धड." मग फोन माझ्या हातात दिला, मशीनवर जाऊन बसली, कापड सुईखाली सरकवलं. पण पाय काही चालेना. आणि मग ती रडली, बाबा. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. समोरच्या काकूंच्या खिडकीतला दिवा लागला, तरी थांबली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, निदान तिला एकटीला रडावं लागलं नसतं.

चष्मिशला आता सगळं माहीत आहे. तो म्हणाला, "काकांना कशाला सांगतेस? लांब आहेत, ऐकतायत तर ऐकू दे." दोन दिवस मलाही ते पटलं होतं. पण तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि राग आला. हो, तुमचा राग आला. त्या टर्रच्या जिवावर तुम्ही बदली नाकारलीत. दादाला निरोप देऊन तुम्ही जे गेलात ते उंबऱ्याला पाय लावला नाहीत. आधी म्हणालात काम अडलंय, मग म्हणालात रस्ता खचलाय, मग हा आवाज मिळाला आणि तुम्हाला न येण्याचं कायमचं कारण मिळालं. ते मीच पाकिटात घालून पाठवलं होतं, म्हणून ते परत घेणंही माझ्याकडेच आलं.

तुमच्या डोक्यावरून दादा जात नाही. जे जात होतं ते दुसऱ्या कोणाच्या पोरांचं यंत्र होतं. कार्ड ठेवायचं तर ठेवा. फोरमनना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. पण बदलीचं पुन्हा विचारा. हातापाया पडावं लागलं तर पडा.

दादा इथेही नाही, ते मला माहीत आहे. त्याची खोली उघडली की खोलीच असते. पण आई इथे आहे, आणि ती दोन माणसांची वाट बघते. एकाचं मी काही करू शकत नाही. रोज सकाळी मी तिला उठवते, खायला घालते, दवाखान्यात जाते, येते, पुन्हा खायला घालते, आणि मला काहीही वाटत नाही, आणि याची मला भीती वाटते. एकटीला झेपत नाहीये, बाबा.

मी गाळलेली तुमची ती वाक्यं काल आईला वाचून दाखवली. तिने उत्तर सांगितलंय, ते जसंच्या तसं लिहिते: "वेगळं हे, की दार मी उघडीन."

तुमचं उरलेलं,
लेकरू