साध्या सभासदांची टंचाई

इंदापूर
रविवार, १४ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप मोहनराव दाजींस,
रामहरीचा साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला पिंपळीहून निघताना ‘पोचलो की सविस्तर लिहितो’ असं म्हणालो होतो आणि त्यानंतर एक ओळ लिहिली नाही, याबद्दल आधी माफी मागतो. माझ्या रोजनिशीत ‘दाजींना पत्र’ ही नोंद आजच्या पानावरून उद्याच्या पानावर इतक्यांदा गेली आहे, की ती आता छापीलच वाटते. फोन करता आला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मळ्यातले सगळे ऐकतात. शिवाय मी मुद्द्यावर येईपर्यंत तुम्ही ‘बरं बरं, ठेवतो’ म्हणता. (मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हे मान्य.) अक्काचा गुडघा कसा आहे? ढोबळी मिरचीवर औषध मारायला ती आता जात नसेल अशी आशा करतो, आणि जात असेल हे मला माहीत आहे. राजवर्धन आमच्याकडे मजेत आहे. घरी मामा आणि कॉलेजात सर, या दोन्हींत त्याची थोडी गफलत होते. मागच्या आठवड्यात जेवताना मला ‘सर, आमटी’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी भरवर्गात ‘मामा, पाणी पिऊन येऊ?’ असं विचारलं. वर्ग अजून त्यातून सावरलेला नाही.

आता आमच्या पाणपक्षी मंडळाविषयी. तुम्ही नेहमी विचारता, की पक्षी बघायला मंडळ कशाला, डोळे पुरत नाहीत का? डोळे पुरतात, दाजी, पण कॉलेजची गाडी मिळत नाही. गाडी हवी तर मंडळाला विद्यापीठाची मान्यता हवी, आणि मान्यता हवी तर मंडळाची घटना हवी. गेल्या वर्षी मी ती लिहायला बसलो तेव्हा तुमच्या भाजीपाला उत्पादक संस्थेची घटना तुम्हीच नमुना म्हणून दिली होती. मी तीत जिथं जिथं ‘भाजीपाला’ होता तिथं तिथं ‘पक्षी’ घातलं. घाईत काही कलमं तशीच राहिली. त्यामुळं आमच्या सभासदाच्या नावे किमान दहा गुंठे बागायत असावी लागते, आणि खराब निघालेले पक्षी त्यानं स्वखर्चानं परत न्यायचे असतात. विद्यापीठानं ही घटना ‘आदर्श’ असा शेरा मारून मंजूर केली. (ती कुणी वाचली नसावी असं मला वाटतं. पण पुरावा नाही, म्हणून कंसात लिहितो.)

मंडळ मुळात शबीनामुळं निघालं. एसटी स्टँडजवळ मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान आहे ना, त्या अल्लाबक्षभाईंची ही मुलगी, आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले, की ती सूर्य उगवायच्या आत काठावर उभी असते आणि बाकीची पोरं गाडीत डबे उघडत असतात. अल्लाबक्षभाईंनी मला पहिल्याच दिवशी दुकानात बसवून, चहा पाजून स्पष्ट सांगितलं होतं, “सर, कॉलेजची गाडी, कॉलेजचा शिक्का आन् तुमी. तीन गोष्टी असल्या तर जाऊ दे तिला. त्यातली एक जरी कमी झाली तर न्हाय.” मला त्यांचं म्हणणं रास्त वाटलं. म्हणजे मान्यता गेली, तर बाकीच्यांची सहल जाईल आणि शबीनाचा शेवटचा हिवाळा जाईल. जानेवारीत काठावर पक्ष्यांची मोजणी आहे, तिची ती गेल्या वर्षापासून वाट बघते आहे.

मान्यता मिळवणं सोपं असतं, टिकवणं अवघड, हे मला यंदा कळलं. दर वर्षी निवडणूक घ्यावी लागते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आम्ही सभा बोलावली. अध्यक्षपदाला दोघं उभे: बारामतीकडून पिंपळीचा आपला राजवर्धन आणि इंदापूरकडून लोणी देवकरचा अविराज. मी मोठ्या उत्साहानं चिठ्ठ्या कापून, जुना चहाचा डबा मतपेटी म्हणून घेऊन गेलो. पोरांनी डब्याकडं असं पाहिलं, जसं मी वर्गात कोयता आणलाय. अविराज म्हणाला, “मतदान नको सर. उगं तोंडं वाकडी व्हत्यात. बिनविरोध करू.” मग सगळे मागच्या बाकांवर गेले, कुजबुजले, एकदा बाहेर जाऊन वडापाव खाऊन आले, आणि तोडगा निघाला. सहा महिने राजवर्धन, सहा महिने अविराज. जे नाराज झाले त्यांना उपाध्यक्ष केलं. उपाध्यक्षांवर जे नाराज झाले त्यांना कार्याध्यक्ष केलं. मग सरचिटणीस, चिटणीस, सहचिटणीस, दुर्बीणप्रमुख, डबेप्रमुख, प्रसिद्धीप्रमुख. तुमच्या घटनेत ‘पदांची संख्या संचालक मंडळ वेळोवेळी ठरवील’ असं कलम आहेच, त्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. शबीनाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “समदेच प्रमुख झाल्यावर हाताखाली कोण? मी हाय तशी बरी.” कुणाचंही मन न दुखावता सभा संपली. मी टाळ्या वाजवल्या आणि त्या दिवशी रोजनिशीत ‘लोकशाही रुजते आहे’ असं लिहिलं. ते वाक्य मी नंतर खोडलं नाही, फक्त पुढं प्रश्नचिन्ह टाकलं.

पंधरा दिवसांपूर्वी विद्यापीठाचं पत्र आलं. मान्यतेच्या नूतनीकरणासाठी समिती या शुक्रवारी येणार. पदाधिकारी सातपेक्षा जास्त नसावेत आणि कोणतंही पद नसलेले साधे सभासद किमान पंधरा असावेत. हा नियम मला माहीत होता. पण तो मान्यता मिळवताना असतो, टिकवताना नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. (कुणाच्या आधारावर, असं मी स्वतःला विचारलं. सोयीच्या आधारावर.) आमच्याकडं बावीस पदाधिकारी आणि एक साधी सभासद. दाजी, आपल्या भागात पाण्याची टंचाई पाहिली, मजुरांची पाहिली, पण साध्या सभासदांची टंचाई मी प्रथमच पाहतो आहे.

मी लगेच बैठक घेतली आणि पंधरा जणांनी पद सोडावं असं सुचवलं. प्रत्येकानं मान हलवून शेजाऱ्याकडं पाहिलं. डबेप्रमुखानं तोडगा काढला, की आपण ‘साधे सभासद प्रमुख’ असं एक पद काढू आणि सगळ्यांना त्यात घेऊ. निकिता आमची प्रसिद्धीप्रमुख आहे. ती बिचारी रडवेली होऊन म्हणाली, “सर, मी सोडते. पण आजीनं फ्लेक्स बघितलाय. ती रोज त्याच्याखालून देवळात जाती. तिला काय सांगू?” तेव्हा मला प्रकरणाचं मूळ कळलं. निवड झाल्याच्या संध्याकाळपासून लोणी देवकरपासून सांगवीपर्यंत चौकाचौकात यांचे अभिनंदनाचे फ्लेक्स लागले आहेत. अविराजनं मला समजावून सांगितलं, “फ्लेक्स उतरला म्हंजी पद गेलं, आन् पद गेलं म्हंजी कायतरी खाल्लं, असंच समजत्यात लोक. पक्ष्यात खायला काय असतंय सर? पण इचारनार.”

तरीही काळजीचं कारण नाही. शुक्रवारपर्यंत सगळं मार्गी लागेल अशी माझी खात्री आहे. मुलं समजूतदार आहेत, समिती माणसांचीच असेल, आणि घटनेतली बागायतीची अट मी शांतपणे काढून टाकली आहे. अक्काला सांगा, राजवर्धन दूध पितो. धाकट्या छकुलीला आशीर्वाद.

आपला,
रामहरी

ता. क. १: पत्र परत वाचताना लक्षात आलं, की ज्यासाठी लिहायला बसलो ते राहूनच गेलं. मुलांचं एकमत झालं आहे, तेही बिनविरोध: सगळ्यात मोठा फ्लेक्स आधी उतरला, की बाकीचे आपोआप उतरतील आणि पंधरा राजीनामे माझ्या टेबलावर येतील. सगळ्यात मोठा फ्लेक्स पिंपळी फाट्यावर आहे. राजवर्धन गॉगल लावून, मागं पाणी, आणि रोहित पक्षी म्हणून छापलेलं शहामृग. मी त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, “मी साधा सभासद व्हायला तयार हाय मामा, पण फ्लेक्स पप्पांनी लावलाय. त्यांच्या हातचा मी कसा काढू?” दाजी, तुम्ही भाजीपाला संस्थेत ठरल्या दिवशी अध्यक्षपदाची खुर्ची सोडून दुसऱ्याला हात धरून बसवलं होतं, ते अजून लोक सांगतात. गुरुवारपर्यंत तेवढा फ्लेक्स उतरवावा. कुणी विचारलं तर पोरानं शबीनाच्या मोजणीसाठी पद सोडलं असं सांगा. ते खरं आहे, आणि फ्लेक्सपेक्षा मोठ्या अक्षरात छापता येईल असं आहे.

ता. क. २: पाकीट चिकटवणार तेवढ्यात राजवर्धन डोकावून म्हणाला, “मामा, आन् तुमचा?” एसटी स्टँडच्या चौकात ‘मार्गदर्शकपदी निवडीबद्दल’ माझाही एक आहे. मी लावायला सांगितला नव्हता. नियम काढून पाहिला. मार्गदर्शक पदाधिकाऱ्यांत धरत नाहीत, म्हणजे माझा राहिला तरी चालतो. हे वाचून मला झालेला आनंद संशयास्पद होता. गेले महिनाभर मी भाजी आणायला मुद्दाम वळसा घालून त्या चौकातून जातो, तिथं मेथी ताजी मिळते म्हणून. मेथी कोमेजलेली असते. आणि तो फ्लेक्स अल्लाबक्षभाईंच्या दुकानाच्या बरोबर समोर आहे.

रोजनिशीत उद्याच्या पानावर: शिडी मिळवणे.