कामापुरती गाडी

आई, मागच्या रविवारी मी तुझ्या डोंगरात मोटारसायकलच्या शर्यतीत उतरले होते. हे तुला सांगितल्याशिवाय मला करमेना, म्हणून लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा मी नोकरीला नवीन लागले होते. आता केसांना रंग लावावा लागतो. तेव्हा आधीच सांगते, ह्या वयात ही काय थेरं म्हणून डोक्याला हात लावू नकोस. ज्यांना लावायचा होता त्यांचा लावून झालाय. तुझा जावई तर गाडी घरात आली त्याच दिवशी म्हणाला, "लोक ह्या वयात गुडघ्याला तेल लावतात, तू चेनला लाव." वाळूजला मला न्यायला कंपनीची बस आपल्या गल्लीच्या तोंडाशी येते, मग ही गाडी हवी कशाला, हे त्यानं तेव्हापासून रोज विचारलं. हवी होती, एवढंच.

ही शर्यत म्हणजे रस्त्यावर भुर्रकन पळायची नव्हे. रस्ताच नसतो. डोंगरात झाडांना, काठ्यांना फिती बांधलेल्या असतात, त्यांच्या मधून जायचं. दगडगोट्यांतून, ओढ्यातून, अंगावर येणाऱ्या चढावरून. वेळ संपायच्या आत शेवटच्या माथ्यावर पोचलं तर शर्यत पूर्ण, नाहीतर नाही. तयारीला मी सुट्टीच्या दिवशी वाळूजच्या अलीकडं बंद पडलेल्या एका खदानीत जात होते. पडायचं, गाडी उचलायची, पुन्हा पडायचं. नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी टायरला शिव्या घालायचे. अंगावर निळे डाग एवढे, की आमच्या डॉक्टरीणबाईनं एकदा दार लोटून हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मला हसू आवरेना, आणि बाहेर बसलेल्या तुझ्या जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं. घरी येऊन म्हणाला, "माझी इज्जत घालवलीस. आता एक काय ते कर." मग आमचं ठरलं. एक शर्यत खेळायची. पूर्ण झाली तर तो पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही झाली तर गाडी विकायची. मी भाकरी थापता थापता हो म्हणाले.

शर्यत पिशोरच्या अलीकडं होती, म्हणजे तुझ्या आरोग्य उपकेंद्राच्या हद्दीतच म्हण ना. अवजारांच्या पिशवीत मी उलथनं टाकलं होतं. तूच शिकवलेलं ते. सकाळी भाकरी झाल्या की तू चुलीपुढचं उलथनं पुसून लसीच्या डब्याशेजारी ठेवायचीस, कारण काळ्या मातीचा चिखल मडगार्डात बसला की चाक जागचं हलत नाही, आणि तो खरवडायला दुसरं काही चालत नाही. बाबा चुलीपुढून ओरडायचे, "अगं, दुपारची भाकर कशानं उलथू?" तू मोपेडचं पायडल मारत म्हणायचीस, "हाताला काय मेहंदी लागलीय व्हय?" आणि गेलीससुद्धा. कधी सुट्टी असली की मी मागं बसलेली असायचे. ओढा आला की तू गाडी थांबवणार. निऱ्या खोचून आधी स्वतः पलीकडं चालत जाणार, परत येणार, आणि मग गाडी घालणार. "आधी पाय, मग चाक," हे तू इतक्यांदा म्हणालीस की मला त्याचा वीट आला होता.

तुझ्या त्या गाडीबद्दल घरात एकच गोष्ट सांगितली जायची. मावशी अजून सांगते: "तुझ्या मायनं त्या फटफटीवर हाडांची काडं केली, ती तुझ्यापायी." माझ्यापायी म्हणजे ती बदलीची भानगड. तुला शहरात बदली मिळत होती, पंख्याखालचं काम, राहायला जागा. साहेब घरी येऊन विचारत होते आणि तू चहा गाळत म्हणालीस, "नको साहेब. पोरगी दहावीला हाय, तिची शाळा मोडंल." मी दाराआड उभी होते. पुढं तू अंथरुणाला खिळलीस आणि मी तुझी कंबर चोळायला बसायचे, तेव्हा दर वेळी तेच वाक्य डोक्यात यायचं. एक एक मणका हाताला लागायचा आणि मला वाटायचं, हे मी केलंय. तुला कधी बोलले नाही. तू डोळे मिटून पडलेली असायचीस, कधी कधी हसायचीसही. मला वाटायचं, माझं मन राखायला हसतेस.

तर रविवारी. आदल्या दिवशी पाऊस झालेला, म्हणजे चिखलाला तोटा नाही. सुरुवातीलाच माझ्या शेजारच्या एका पोरानं पिशवीतून डोकावणारं उलथनं पाहिलं आणि म्हणाला, "खाला, आमलेट बनाने आए क्या?" सगळे खो खो हसले, आणि त्याची मावशी झालेली मीही हसले. दुपारी तोच ओढ्यात चाक अडकून बसला होता. मला बघून गरिबासारखा म्हणाला, "खाला, वो जरा देते क्या?" मी दिलं, पण आधी आमलेटात मिरची किती घालू ते विचारून घेतलं. त्याच्यामागून आणखी दोघांनी मागितलं. तिथं माझा वेळ गेला, कशाला खोटं बोलू. पण चिखलात रुतलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

शेवटच्या चढाशी पोचले तेव्हा हातात जीव उरला नव्हता. पहिल्यांदा अर्ध्यावरून घसरले. दुसऱ्यांदा गाडी अंगावर आली. मग किती वेळा ते माहीत नाही. वरून शिट्टी वाजली आणि फितीजवळ उभा असलेला आयोजकांचा माणूस खाली येत म्हणाला, "ताई, वेळ संपली. लई चांगलं केलं तुम्ही. आता खालून ट्रॅक्टरच्या वाटेनं निघा." तो फीत गुंडाळायला लागला. मी गाडीशेजारी मातीत बसले आणि रडले. शर्यत गेली याचं नव्हे, गाडी जाणार याचं. ह्या वयाच्या बाईनं एका गाडीसाठी एवढं रडावं? पण रडले, मोठ्यानं.

मग उठले आणि चढ चालत चढायला लागले. सबंध दिवस घाईत मी एकदाही उतरून बघितलं नव्हतं, आई. चालताना पायाला कळलं की डाव्या अंगाला चिखलाखाली खडक आहे, वरपर्यंत. खाली आले, गाडी सुरू केली. तो माणूस म्हणाला, "आता गिनतीत धरणार नाय हां ताई." म्हटलं, "नका धरू." आणि खडकावरून, गुरगुरत, धडपडत, वर. माथ्यावर पोचले तेव्हा माझ्या तोंडून जे हसू फुटलं ते माझं नव्हतं. मी ते हसू आधी एकदा ऐकलं होतं.

मी तुझ्या मोपेडवर मागं आहे, लसीचा डबा रिकामा, तो माझ्या मांडीवर. घराचा रस्ता सरळ समोर आहे. तू अचानक गाडी नदीच्या कोरड्या पात्रात घालतेस. वाळूत चाक डुलतंय, तू दोन्ही पाय पसरून तोल सावरतेस, एक मोठी गिरकी घेतेस, मग आणखी एक. तुझा पदर उडून माझ्या तोंडावर येतोय आणि तू हसतेयस, असं की जणू मी मागं नाहीच. मग वर आल्यावर पदर खोचून म्हणतेस, "वरचा रस्ता लई खराब हाय, म्हून खालून घेतली." मी मान डोलावते. वरचा रस्ता त्याच उन्हाळ्यात नवा झाला होता.

माथ्यावर बसून मी सगळं पुन्हा मांडून पाहिलं. दहावी झाल्यावर मी शहरात मावशीकडं शिकायला आले. माझी शाळा मोडायचा प्रश्नच राहिला नाही. बदलीचं तुला त्यानंतरही विचारलं होतं, आणि तू तरी गेली नाहीस. आधी मला हसू आलं, मग तुझा असा राग आला म्हणून सांगू! मजा येत होती तर सांगायचंस की गं. एवढी वर्षं तुझी कंबर मी माझ्या डोक्यावर घेऊन हिंडले. पण सांगणार तरी कशी होतीस? नर्सबाई हौसेनं डोंगरात फिरते म्हटलं असतं तर गावानं काय काय जोडलं असतं. काम आहे म्हटलं की कुणी अडवत नव्हतं. कंबर खरी दुखली असणार, तेही मान्य. दोन्ही खरं असू शकतं, हे मला फार उशिरा कळलं.

खाली तुझा जावई डबा घेऊन उभा होता. "झाली पूर्ण?" मी म्हटलं, "नाही. वेळेनंतर चढले." तो गाडीकडं बघत राहिला. चेष्टा नाही, काही नाही. मग हळूच म्हणाला, "मग गिऱ्हाईक बघू?" मी खाली बसून मडगार्डातली माती उलथन्यानं खरवडत होते. वर न बघताच म्हणाले, "बघा की. पण पावसाळा जाऊ द्या. वाळूजचा रस्ता पावसात लई खराब होतो, कामाला जायला ही बरी पडते." मग त्यानं मान डोलावली, अगदी मी डोलावली होती तशीच.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. लिहून झालं, की उलथन्याबरोबर पिशवीत जाईल. उद्या माझी सकाळची शिफ्ट आहे. वाळूजचा रस्ता चांगला आहे, आई, अगदी गुळगुळीत. मी खदानीवरून जाणार आहे.