उलटी फिरवलेली तीन मिनिटं

इस्लामपूर,
८ डिसेंबर २०२४

प्रिय शंभूराज,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं, सोबतची निमंत्रणपत्रिकाही. आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडीनं आईचे गुडघे धरलेत, आणि लग्नांच्या शूटिंगमुळे मला कॅमेरा खाली ठेवायला सवड नाही.

तुझा सिनेमा आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यातही जोरात चाललाय. त्यातला जवान उलटा चालत गल्लीतून घरी येतो तेव्हा लोक रडतात, मग शिट्ट्या मारतात. पुण्यात सिनेमा शिकताना मी माझ्या तीन मिनिटांच्या चित्रात हेच केलं तेव्हा तू म्हणाला होतास, "असलं कोण बघणार?" मुलाखतीत मात्र सांगितलंस, परदेशी प्रयोगपटांवरून सुचलं. आता साताऱ्याच्या तुझ्या सत्कारात माझी ती तीन मिनिटं आधी दाखवायची आहेत म्हणे, प्रयोगातलं तंत्र लोकांच्या सिनेमात कसं येतं ते मुलांना कळावं म्हणून. छान. उशिरा का होईना, आठवण झाली.

पण त्या तीन मिनिटांत माझा भाऊ आहे, सुट्टी संपवून पलटणीत निघालेला, हे तुला माहीत होतं. जयराजदादाच्या ताटाला ताट लावून तू जेवला आहेस.

तू ओळखीचा म्हणून आईनंच सिनेमाचा हट्ट धरला. पडद्यावरची आई जवानाच्या कपाळावरचं कुंकू बोटानं उचलून घेते, तळहातावरचं दही परत वाटीत जातं, तो उंबऱ्याच्या आत येतो. आईनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "आला गं, संयू." आणि तू चित्र सुलटं केलंस. तो पुन्हा निघाला, स्फोट झाला, मध्यंतर. लोक वडापाव आणायला उठले. आई जागची हलली नाही.

"आला हुता की घरात. मग परत कशाला धाडला?"

 एक गोष्ट तुलाही कधी सांगितलेली नाही.

त्या सकाळी दादा एकदा निघाला होता. माझं कॅमेऱ्याचं बटण दाबायचंच राहिलं. मी मागून हाक मारली, "दादा, परत एकदा." जाणाऱ्याला मागून हाक मारतात का, म्हणून आई चिडली. तो हसत परत आला, पुन्हा कुंकू लावून घेतलं, पुन्हा निघाला. माझ्या चित्रात आहे ते हे दुसरं निघणं. चार महिन्यांनी तो तिरंग्यात आला. शकुन-अपशकुन मी मानत नाही. तरी आठवडाभर एडिटिंगच्या मशीनसमोर बसून त्याला एकेक पाऊल मागं आणत होते. ते तंत्र नव्हतं रे. मला त्याला घरात आणायचं होतं आणि तिथंच थांबायचं होतं. तू त्याला परत पाठवलंस.

काल आईला माझं मूळ चित्र दाखवलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.  दादा आत आला, चित्र थांबलं. आई म्हणाली, "आता बंद कर. ऱ्हाऊ दे त्येला घरात."

तेव्हा ती तीन मिनिटं तुला मिळणार नाहीत. मीही साताऱ्याला येणार नाही.

तू खूप पुढं जा. मी मागून हाक मारणार नाही.

संयोगिता