पाचवा दट्ट्या

ती. मामांना,

कॉलेज अर्धवट सोडलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (तुम्ही ऊठ म्हणेपर्यंत पडूनच आहे). तुमची कंबर कशी आहे? मामींचा माझ्यावरचा राग उतरला का? (नसेल तर हे पत्र सुतारकामाच्या शेडमध्येच वाचा.)

मी लहान मुलांच्या शाळेत मदतनीस होतो, हे आईने सांगितलं असेल. का होतो, ते तिला माहीत नाही. तिथल्या बाई कॉलेजात माझ्याच वर्गात होत्या. त्या पास झाल्या, मी सरांशी भांडून निघालो, आणि आत्ताआत्तापर्यंत त्यांना अहो-जाहो करत चटया झटकत होतो. (हसू नका. इतकं मन लावून मी दुसरं काहीच केलेलं नाही.)

तिथे एक लाकडी ठोकळा आहे. त्यात लहानमोठी दहा भोकं आणि प्रत्येकाचा वेगळा दट्ट्या. एक जरी भलत्या भोकात गेला तरी शेवटी एक हातात उरतो; म्हणजे चूक लाकूडच दाखवतं, मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही. चार वर्षांची एक मुलगी, आई वारल्यापासून न बोलणारी, रोज तोच ठोकळा घ्यायची. चौथा दट्ट्या रोज पाचव्याच्या भोकात, पाचवा रोज हातात, मग आवाज न करता रडणं. बाई म्हणायच्या, “बघत बसा. हात मांडीवर.” तीन आठवडे बसलो. मग माझं डोकं फिरलं आणि (तुम्हीच शिकवल्याप्रमाणे) कानस घेऊन पाचवा घासून चौथ्याएवढा केला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा बसले. मामा, ती हसली नाही. तिने ते दोन काढून उलटे घातले, तरी बसले. पाचवा हलवून पाहिला. मग ठोकळा फळीवर ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसली. दहा दिवस त्याला हात लावला नाही. अकराव्या दिवशी मी कबूल केलं. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “तिला सापडतच आलं होतं हो. दिवसभरात तेवढं एकच ती आपणहून करायची.” त्यावर मी काय बोलावं? “तुमचं काळीज दगडाचं आहे,” असं बाईंना बोलून तरातरा निघालो. चार दिवस झाले. बोलावतीलच.

तुमचा (पूर्वी लाडका) भाचा

ता. क. : पाचवा दट्ट्या नवा करून हवाय. माप मागे चिकटवलंय. केसभरही सैल नको.

आणखी एक : माप बाईंनीच घेऊन पाठवलंय. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय, दट्ट्या पोस्टाने पाठवला तरी चालेल.